बोलन पोट्टं, घाई कायले?

"याचा बापबी उशिराच बोलला होता, बोलन पोट्टं." दर्यापूर असो की मूर्तिजापूर, दोन वर्षांचं लेकरू बोलत नाही म्हटलं की घरातलं मोठं माणूस असंच काही बोलून विषय मिटवतं. उशिरा बोलणं घराण्यात चालतं हे खरं. पण म्हणूनच अशा मुलाला आधी दाखवायला हवं. वर्षाच्या आसपास एखादा अर्थाचा शब्द आणि दोन वर्षांपर्यंत 'पाणी दे' इतपत जोडून बोलणं यायला हवं.

जिभेआधी तपासायचे कान. ताटली वाजवली की वळून पाहतो, हा पुरावा कच्चा आहे. ताटलीचा दणका ऐकू येतो आणि 'स', 'श' येत नाहीत, असंही असतं. ओएई आणि बेरा या तपासण्यांत मुलाला उत्तर द्यावं लागत नाही, त्या झोपेतही होतात.

जिभेखालची शीर कापली की मूल बोलतं, हा आणखी एक समज. चिकटलेल्या जिभेनं दूध ओढायला त्रास होतो, एखाददुसरा उच्चार अडतो. मूल अजिबात न बोलण्याचं कारण सहसा ते नसतं. आणि मधात उगाळलेलं वेखंड? वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नसतो, त्यातून बॉट्युलिझमची विषबाधा होऊ शकते.

'मले', 'तुले' किंवा 'काया डोया' म्हणणाऱ्या पोराला स्पीच थेरपी नको, ती त्याची वऱ्हाडी आहे. पाचव्या वर्षीही 'काका'ला 'ताता' म्हणत असेल तर मात्र दाखवा. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल मराठी अंगणवाडीत गप्प बसतं, तेव्हा ते घरी किती बोलतं हे आधी विचारावं. दोन भाषा कानावर पडल्यानं वाचा अडत नाही.

थेरपी फक्त मुलांची असते असंही नाही. लकव्यानंतर "बाबाची वाचा गेली, आता काय" म्हणून घरचे हात टेकतात. पुष्कळदा बाबाला सगळं कळत असतं, शब्द तेवढा सापडत नाही. त्यावर उपचार आहेत. पाणी पिताना ठसका लागणं, घास न गिळता येणं हेही स्पीच थेरपिस्टचंच काम.

"त्यासाठी नागपूर गाठावं लागते" हे दर वेळी खरं नाही. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतात. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना ती जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथकाची वाट पाहायची नसेल तर अमरावतीला इर्विन, अकोल्याला सर्वोपचार रुग्णालय, तिथली कान-नाक-घसा ओपीडी गाठा. थेरपिस्ट कोणत्या वारी असतात हे निघण्याआधी विचारून घ्या. धारणीहून एसटीनं आलेल्या माणसाचा अख्खा दिवस त्यावर ठरतो. खासगीत जाणार असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा.

पहिल्या दिवशी थेरपिस्ट चेंडू हातात धरून नुसतीच थांबलेली दिसेल. पोरगं चेंडूकडे पाहतं, मग तिच्याकडे, आणि 'ब' असा काहीसा आवाज काढतं. तेव्हाच चेंडू मिळतो. "हा कायचा इलाज, हे तर खेयनं झालं," असं आजी म्हणेल. तोच खेळ घरी रोज करायचा असतो, आणि करायचा असतो आजीनंच.