सिंघमचे जामीनदार

मार्चअखेर जवळ आली की बारामती-इंदापूरकडच्या गावांतून एक शब्द कानावर पडू लागतो. 'नवं-जुनं'. सोसायटीचं मागच्या वर्षीचं पीककर्ज भरायचं आणि लगोलग नवं उचलायचं. कागदावर खातं स्वच्छ होतं आणि शेतकऱ्याचंही वर्ष निभावतं. यात वावगं काही नाही. कालव्याचं पाणी वेळेवर सुटलं, उसाचं बिल पदरात पडलं, तर हे चक्र वर्षानुवर्षं फिरत राहतं. शेतात काही पिकत नसतानाही नवं-जुनं चालूच राहिलं, की मात्र काळजी वाटायला लागते. गाजलेल्या चित्रपटांच्या 'पुढच्या भागां'चं नेमकं असंच असतं.

२०२४ च्या दिवाळीत, १ नोव्हेंबरला, रोहित शेट्टी यांचा 'सिंघम अगेन' आला. २०११ चा 'सिंघम', २०१४ चा 'सिंघम रिटर्न्स' आणि त्यानंतरचा हा तिसरा. मधल्या काळात 'सिम्बा' (२०१८) आणि 'सूर्यवंशी' (२०२१) अशी भावंडंही जन्माला आली. मी तो बारामतीत पाहिला. नोकरीची बरीच वर्षं मी या दोन तालुक्यांतल्या शाखांत काढली. कर्जाचा कागद पुढे आला की आधी मागचं खातं काढून पाहायचं, ही तिथली शिस्त अंगात मुरलेली. म्हणून नव्या सिंघमकडे वळण्याआधी जुन्याचं खातं उघडतो.

मूळ सिंघम आपला नव्हे. तो तमिळ. हरी या दिग्दर्शकाचा, सूर्या हा नट असलेला 'सिंगम' २०१० मध्ये आला आणि वर्षभरात त्याला मराठी मातीत लावलं गेलं. गोव्याच्या सीमेवरचं शिवगड नावाचं काल्पनिक गाव, बाजीराव सिंघम हा फौजदार, हवालदार सावळकरच्या भूमिकेत अशोक सराफ. सचिन खेडेकर, सोनाली कुलकर्णी, अनंत जोग, गोविंद नामदेव अशी ओळखीची माणसं सभोवती. रोप असं काही धरलं की हे परगावचं वाण आहे, हे कुणाला सांगूनही पटलं नसतं.

याचं कारण गाण्यांत किंवा हवेत उडणाऱ्या मोटारींत नव्हतं. शिवगडचा सिंघम भांडणं ठाण्यात न नेता गावातच मिटवतो. तालुक्याच्या गावी ठाण्याची पायरी चढायची म्हणजे आधी कुणाची तरी ओळख काढावी लागते, हे ठाऊक असणाऱ्यांना याचं मोल कळतं. दुसरा प्रसंग सहीचा. प्रकाश राज यांनी रंगवलेला गोव्यातला बडा गुंड जयकांत शिक्रे जामिनावर सुटतो. अट एवढीच, की शिवगडला येऊन सही करायची. तो आपला माणूस पाठवतो. सिंघम म्हणतो, ज्याची सही त्यानंच यायचं. 'साहेबांना वेळ नाही, कागद वाड्यावर पाठवून द्या,' असं ऐकत ज्यांनी नोकरी केली, त्यांना हा प्रसंग बघताना काय वाटलं असेल ते मी सांगायला नको. पुढे सिंघमची बदली होते. प्रामाणिक माणसाला मिळणारी शिक्षा म्हणजे बदली, हेही आपल्याकडे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अण्णा हजारे दिल्लीत उपोषणाला बसले होते. जुलैत हा चित्रपट लागला तेव्हा हवा आधीच तापलेली होती.

दुसऱ्या भागात सिंघम मुंबईत आला. समोर ढोंगी बाबा, राजकारणी आणि काळा पैसा. रुग्णवाहिकेत नोटांच्या थैल्यांसह सापडलेला हवालदाराचा मृतदेह हा त्या कथेचा कणा. मेलेल्या सहकाऱ्याच्या नावावरचा डाग पुसायचा, हे पहिल्या भागातलं तारण इथं अजून शिल्लक होतं.

तिसऱ्या भागात त्याची पत्नी अवनी हिला पळवून श्रीलंकेत नेतात आणि सिंघम तिला सोडवायला निघतो. अवनी रामलीलेच्या कार्यक्रमात गुंतलेली, त्यामुळे पडद्यावर एकीकडे रामायण आणि दुसरीकडे सिंघमायण. मदतीला कोण कोण? रणवीर सिंग, अक्षय कुमार, टायगर श्रॉफ, दीपिका पदुकोण आणि जाता जाता सलमान खानचं दर्शन. बँकेत आमचा एक साधा ठोकताळा असे. कर्जदार भक्कम असेल तर एक जामीनदार पुरे. अर्जाला जोडून पाच-पाच जामीनदार आले, की साहेब चष्मा काढून अर्जदाराकडे नीट पाहत. 'सिंघम अगेन' पाहताना तसा चष्मा काढावासा वाटतो. प्रत्येक नवा तारा येतो तेव्हा शिट्ट्या पडतात, आणि प्रत्येक शिट्टीगणिक सिंघम थोडा लहान होतो.

ही खोड आपल्याच सिनेमाची, असं नाही. हॉलिवूडची 'फास्ट अँड फ्युरिअस' ही मालिका २००१ मध्ये रस्त्यावरच्या मोटारशर्यतींनी सुरू झाली, आणि २०२१ च्या नवव्या भागात मोटार अंतराळात पोचली. तमिळ सिंगमही तिसऱ्या भागात ऑस्ट्रेलियाला गेला. शत्रू मोठा करत नेला की नायकही मोठा होतो, हा हिशेब सगळीकडे मांडला जातो आणि सगळीकडे चुकतो.

कुणी म्हणेल, त्याच त्या गोष्टीचा इतका राग कशाला? राग मुळीच नाही. ज्या बारामतीत मी हा चित्रपट पाहिला, तिथंच अठराव्या शतकात मोरोपंतांनी रामायण एकदा नव्हे, एकशे आठ वेळा रचल्याचं सांगतात. कथा तीच, पात्रं तीच, शेवटही ठरलेला. पण पंत दर वेळी स्वतःला नवं बंधन घालून घेत. त्यांचं 'निरोष्ठ रामायण' घ्या. ओठाला ओठ लागणारं अक्षर वापरायचं नाही, म्हणजे प, फ, ब, भ, म वर्ज्य. म्हणजे खुद्द 'राम' हे नावही वर्ज्य! नायकाचं नाव न घेता त्याची कथा सांगायची. पुनरुक्तीला धार येते ती अशी, काहीतरी हातचं काढून घेतल्यावर. शेट्टींनी रामायण घेतलं, पण बंधन एकही घेतलं नाही. पैसा, तारे, स्फोट, परदेश, सगळं हाताशी आहे. अडतं काहीच नाही, म्हणून काही घडतही नाही.

पण या सुटलेल्या बंधनांतलं एक नुसतं सिनेमापुरतं नाही, आणि माझी खरी तक्रार तिथं आहे. १९८३ चा 'अर्धसत्य' आठवा. श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. तिथला अनंत वेलणकर हाही मराठी फौजदार. तोही शेवटी रामा शेट्टीला मारतो. पण मारून झाल्यावर चौकीत जाऊन स्वतःला कायद्याच्या हवाली करतो. त्याचा दुसरा भाग निघूच शकत नव्हता. अठ्ठावीस वर्षांनी आलेल्या पहिल्या 'सिंघम'मध्ये सगळं खातं एक होऊन शिक्रेला संपवतं आणि न्याय झाला म्हणून आपण टाळ्या वाजवतो. सप्टेंबर २०२३ मध्ये पोलीस सुधारणांवरच्या एका कार्यक्रमात मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी याच शेवटाचा उल्लेख करून विचारलं होतं, की न्याय खरोखर झाला का? तरी २०११ मध्ये निदान विचारण्यासारखा प्रश्न समोर होता. २०२४ मध्ये तोही उरला नाही. शत्रू सीमेपलीकडचा, राक्षसच ठरवलेला. राक्षसाला वकील लागत नाही आणि त्याला मारणाऱ्याला जाब देण्याची गरज नाही. वेलणकरच्या मानेवर जे ओझं होतं, ते एकेका भागात उतरवत आपण सिंघमला अगदी हलका करून टाकला.

सणाच्या दिवशी मुलाबाळांसह अडीच तास घालवायचे तर 'सिंघम अगेन' वाईट नाही. पैसे वसूल होतात. पण पुढचा भाग म्हणून माझ्यालेखी हे खातं नवं-जुनं करून चालवलेलं आहे.

चौथा भाग निघालाच, तर त्याच्यासाठी एक सूचना. सिंघमला कुठल्याही देशात पाठवू नका. ठाण्यात बसवा. समोर सात-बाराचा उतारा हातात धरून एक म्हातारी उभी असू द्या, आणि तिच्याविरुद्ध ज्याची तक्रार आहे तो सिंघमचा जुना मित्र असू द्या. हेलिकॉप्टर नाही, जामीनदार नाहीत, गोळी चालवायची मुभा नाही. मग बघू, बाजीराव काय करतो ते.