साठ लाखांची गाडी आणि सर्व्हिसचे हेलपाटे

आपल्या समाजातील काही घरांसमोर आता विजेवर चालणारी महागडी गाडीही उभी दिसते. कुणी बँकेत मोठ्या हुद्द्यावर पोहोचला, कुणाची लेक डॉक्टर झाली, कुणी छोटा कारखाना उभा केला. 'एवढ्या पैशात विहाराचा हॉल झाला असता' असे म्हणून नाक मुरडणारेही भेटतात. आम्ही त्यांच्यातले नाही. कष्टाने मिळवलेल्या पैशाने कुणी गाडी घेतली तर आम्हाला आनंदच आहे. आमची तक्रार आहे ती गाडी विकल्यानंतर ओळख विसरणाऱ्या शोरूमबद्दल.

परिचयातील एका कुटुंबाची अशी गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये सहा आठवडे पडून होती. 'पार्ट परदेशातून यायचा आहे', 'त्या कामाचा माणूस ट्रेनिंगला गेलाय', 'साहेब, सोमवारी फोन करतो'. सोमवार येई, फोन येत नसे. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून कापला जाई. घरातील ताई दर आठवड्याला रिक्षाने सर्व्हिस सेंटर गाठीत आणि तेथील थंडगार खोलीत कॉफी पिऊन परत येत.

या गाड्यांचे दुखणे समजून घेतले पाहिजे. त्यांत दोन बॅटऱ्या असतात. चाके फिरवणारी मोठी आणि दरवाजे, दिवे, संगणक यांना वीज देणारी १२ व्होल्टची छोटी. मोठीतून छोटीला वीज पुरवणारा भाग बिघडला की छोटी मरते, आणि मोठी भरलेली असूनही गाडी दगडासारखी उभी राहते. हे कल्पनेतले नाही. याच भागातील दोषासाठी २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतात १,७४४ आयोनिक ५ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. त्याच वर्षी कियाने १,१३८ ईव्ही६ बोलावल्या आणि २०२५ मध्ये पुन्हा १,३८०. कंपनीने दोष मान्य करून फुकट दुरुस्ती देऊ केली, हे योग्यच झाले. पण परत बोलावलेली गाडी शेवटी उघडायची असते स्थानिक डीलरच्या माणसाला.

गाडे अडते ते इथेच. या गाड्यांतील वीज ८०० व्होल्टच्या घरातली. रबरी हातमोजे, खास अवजारे आणि प्रशिक्षण यांशिवाय हात लावणे म्हणजे जिवाशी खेळ. नाक्यावरचा आपला मेकॅनिक कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे जाता येत नाही. डीलर शोरूमच्या काचेवर आणि दिव्यांवर भरपूर खर्च करतो, पण शिकलेला कारागीर ठेवताना हात आखडतो. (आयटीआयमध्ये वायरमन किंवा मोटार मेकॅनिक शिकणाऱ्या आपल्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४२ ते १९४६ या काळात, बाबासाहेबांनी वीज आणि तांत्रिक प्रशिक्षण या दोन्ही प्रश्नांत लक्ष घातले होते.)

आम्हाला अधिक खटकले ते त्या कुटुंबाचे मौन. 'एवढी मोठी गाडी घेऊन भांडतात, असे लोक म्हणतील', असे ताई म्हणाल्या. ज्यांच्या वडिलांनी कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर 'उद्या या' ऐकत आयुष्य काढले, त्यांनी साठ लाख मोजूनही तेच ऐकून घ्यावे?

तेव्हा बोलण्यावर विसंबू नका. गाडी आत देताना जॉब कार्डावर तारीख, किलोमीटर आणि तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या व प्रत मागा. फोनवर मिळालेले आश्वासन त्याच दिवशी ईमेलने त्यांनाच लिहून पाठवा. डीलरबरोबर कंपनीलाही लेखी कळवा. गाडी घेण्यापूर्वीच विचारा: मोठी बॅटरी उघडणारा माणूस याच शहरात आहे का, गाडी अडकली तर बदली गाडी मिळेल का? उत्तर लेखी मिळाले नाही तर सही करू नका.

एवढ्याने भागले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आयोगाकडेही जाता येते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. आपण राहतो तेथील आयोगाकडे दाद मागता येते, शोरूमच्या गावी जावे लागत नाही. वकील हवाच असे नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज गेला पाहिजे. साठ लाखांच्या गाडीसाठी आयोगाची फी आहे दोन हजार रुपये.