सुई टोचली तर लपवू नका, मावशी!

आपल्या वस्तीतल्या बऱ्याच घरांतून सकाळी दोघे कामाला निघतात. दादा चाकणच्या कंपनीत जातो. हेल्मेट आणि सेफ्टी शूज नसतील तर त्याला गेटवरच अडवतात. ताई पिंपरीतल्या दवाखान्यात 'मावशी' म्हणून राबते, नाहीतर ब्युरोमार्फत कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेला पेशंट सांभाळते. तिच्या कामाला मात्र कुणी धोक्याचे काम म्हणत नाही. 'सेवा' म्हणतात आणि मोकळे होतात.

आमच्या ओळखीच्या एका ताईच्या बोटात कचऱ्याची पिशवी बांधताना सुई घुसली. काम जाईल या भीतीने तिने चिंधी बांधली आणि गप्प राहिली. पाचव्या दिवशी विहारात तिने आम्हाला सांगितले. तोवर एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्या सुरू करण्याची वेळ निघून गेली होती. पुढे सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, पण तीन महिने ती लेकराला जवळ घ्यायलाही भ्यायची. ही वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये, म्हणून हे लिहीत आहोत.

सुई टोचली तर

• जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. बोट दाबून रक्त काढू नका, तोंडात घालू नका, फिनेल लावू नका.
• लगेच सिस्टरला किंवा डॉक्टरांना सांगा आणि अपघाताची लेखी नोंद करून घ्या.
• गोळ्यांची गरज आहे का, हे डॉक्टर ठरवतात. त्या दोन तासांत सुरू झाल्या तर उत्तम, पण 72 तासांच्या आत हव्यातच. कोर्स 28 दिवसांचा असतो.
• कामाच्या ठिकाणी कुणी दाद देत नसेल तर वायसीएमसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात त्याच दिवशी जा.

कावीळ-बी तर एचआयव्हीपेक्षाही सहज पसरते. तिचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जगू शकतो. पण तिच्यावर लस आहे. पहिला डोस, महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. तिन्ही घ्या.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका. सुईची जागा पांढऱ्या जाड डब्यात, पिशवीत नाही. पेशंटच्या घरी असा डबा नसेल तर झाकणाचा जाड प्लास्टिकचा डबा मागून घ्या. पेशंट एकट्याने उचलू नका. दुसऱ्याला हाक मारा, गुडघे वाकवा, कंबर नको. खोकणारा पेशंट असेल तर मास्क लावा आणि खिडकी उघडा.

हे उपकार नाहीत, हक्क आहेत

जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्यांना कावीळ-बी व धनुर्वाताची लस, प्रशिक्षण, हातमोजे-मास्क आणि वर्षातून एकदा आरोग्य तपासणी देणे ही दवाखान्याची जबाबदारी आहे. कंत्राटी मावशी आणि मामाही त्यात आले.

ईएसआयचे कार्ड आहे का, ते पाहा. या योजनेत पगाराची मर्यादा महिना 21 हजारांची आहे. आपल्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. कामावर दुखापत झाली तर उपचारही मिळतात आणि रजेच्या काळात भत्ताही. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचे रुग्णालय आहे. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. त्याच काळात, 1944 मध्ये, अदारकर अहवालाने या योजनेचा पाया घातला आणि 1948 मध्ये कायदा झाला. त्यामुळे पगाराच्या पावतीवर ही कपात दिसत नसेल तर ठेकेदाराला विचारायला लाजू नका. एकटीने नको, चौघी मिळून विचारा.

पेशंटच्या घरी कुणी अंगचटीला आले तर तेही सहन करू नका. 2013 च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांत तक्रार करता येते.

1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या दवाखान्यात नेले. त्याच प्लेगने 10 मार्चला त्या गेल्या. सेवा करणाऱ्यालाही रोग गाठतो, हे आपल्याला माईंच्या मरणाने शिकवले. आज लस आहे, हातमोजे आहेत, कायदा आहे. तरीही आपली ताई उघड्या हाताने राबत असेल तर तो सेवेचा मोठेपणा नव्हे, कुणाचा तरी हलगर्जीपणा आहे.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर पाच मिनिटे थांबा. वस्तीत दवाखान्यात आणि पेशंटच्या घरी काम करणाऱ्या किती जणी आहेत, किती जणींचे तीन डोस झाले, किती जणींकडे कार्ड आहे, याची वहीत यादी करा. पुढचे काम त्या यादीपासून सुरू होईल.

जयभीम!