सापडलेले पीस कोणाचे?

परसात, शेताच्या बांधावर किंवा गावाबाहेरच्या वाटेवर एखादे पीस पडलेले दिसले, की मुले ते हौसेने उचलतात. त्यावर काळेपांढरे पट्टे असले, तर ते ससाण्याचे किंवा घुबडाचेच, असे ठरवूनही टाकतात. परंतु पुष्कळदा ते गावातल्याच एखाद्या कोंबडीचे निघते. प्लिमथ रॉक जातीच्या कोंबडीच्या अंगावर असेच आडवे पट्टे असतात. गावठी कोंबड्या तर तांबड्या, काळ्या, पांढऱ्या, कबऱ्या अशा नाना रंगांच्या असतात. म्हणून नुसत्या रंगावरून पिसाचा धनी ठरवू नये. त्याची घडण पाहावी.

पिसाच्या मधोमध कणा असतो. त्याचे पोकळ टोक पक्ष्याच्या कातडीत रुतलेले असते. कण्याच्या दोन्ही बाजूंना तंतू फुटतात. तंतूंनाही सूक्ष्म फाटे असतात आणि त्यांच्या आकड्या शेजारच्या फाट्यांत अडकून पिसाचे सलग पाते तयार होते. पाते विस्कटून पुन्हा बोटांनी टोकाकडे निरवले, तर ते पूर्ववत जुळते. पिसाच्या तळाशी मात्र अशा आकड्या नसल्यामुळे तेथे नुसती मऊ लव दिसते.

पीस शरीराच्या कोणत्या भागाचे आहे, हा पहिला प्रश्न. कोंबडीच्या अंगावरचे पीस आखूड, रुंद व गोलसर टोकाचे असते. ते उलटे करून पाहावे. कण्याच्या मुळाशी दुसरे एक लहान, लवदार पीस जोडलेले आढळते. यास उपपीस म्हणता येईल. कोंबडी, तितर, लावा यांच्या अंगावरच्या पिसांना ते चांगले वाढलेले असते. कबुतराच्या व घुबडाच्या पिसांना ते नसते, किंवा असले तरी नाममात्र असते. केवळ या एका खुणेने कितीतरी शंका मिटतात.

पंखाचे मोठे पीस ताठ असते. त्याच्या कण्याची एक बाजू अरुंद व दुसरी रुंद असते. कोंबडीचा पंख आखूड व गोलाकार असतो. संकट आले, की एकदम उसळी घेऊन थोडे अंतर उडावे, एवढेच त्याचे काम. त्यामुळे त्याची टोकाकडची पिसे चांगलीच वाकलेली असतात. घुबडाच्या पंखाचे पीस हाताला मखमलीसारखे लागते. पंखाच्या पुढच्या कडेच्या पिसाला तर कंगव्यासारखी झालरही असते. या दोन्हींमुळे त्याचे उडणे जवळजवळ निःशब्द होते. कोंबडीच्या पिसाला अशी झालर नसते.

कोंबडा व कोंबडी यांच्या पिसांतही भेद असतो. कोंबड्याच्या मानेवरची पिसे अरुंद, टोकदार व चकचकीत असतात. कोंबडीची गोलसर असतात. काळ्या कोंबड्याच्या शेपटीतील कोयत्यासारख्या वाकड्या पिसांवर हिरवी झाक दिसते. ती हिरव्या रंगद्रव्याची नव्हे. पिसातील सूक्ष्म थरांवरून प्रकाश परावर्तित होतो, तेव्हा ती उमटते. पीस फिरवले, की झाक मावळते आणि काळा रंग उरतो.

सह्याद्रीच्या रानात मात्र अधिक सावध असावे. तेथील राखी रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांवर मेणासारखे चकाकणारे पिवळे व पांढरट ठिपके असतात. असे ठिपके पाळीव कोंबड्याच्या पिसांवर नसतात. या पक्ष्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे. त्याचे पीस दिसल्यास निरखून पाहावे, चित्र काढावे व ते जागीच राहू द्यावे. दोघांचे नातेही जवळचे आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा होय; परंतु तिच्या कातडीचा पिवळेपणा राखी रानकोंबड्याकडून आला असल्याचे 2008 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले.

पीस सापडल्याची तारीख, जागा व पिसाची लांबी वहीत लिहावी आणि हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत. ससाण्याचे वाटलेले पीस कोंबडीचे ठरले, तर तसेच लिहावे. मनाला आवडेल ते नव्हे, तर डोळ्यांना दिसेल ते नोंदवणे, हीच निरीक्षणाची पहिली शिस्त होय.