नळाला पाणी येण्याआधी पाईप तपासा



आजचा लेख भातावर नाही, खोडकिड्यावरही नाही. लोखंडी पाईपवर आहे. शेतीखात्याच्या माणसाने पाईपवर का लिहावं, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण आधी सांगतो.

मागच्या एका उन्हाळ्यात परसबागेच्या कामासाठी डोंगरकडेच्या एका वाडीवर गेलो होतो. नवी नळयोजना झाली होती. टाकी उभी, दारोदारी तोट्या बसलेल्या. तरी बायका हंडे घेऊन ओढ्यातल्या डवऱ्यावर बसल्या होत्या. एक म्हातारी म्हणाली, "साहेब, आमच्या नळाचं पाणी खडकच पितो." तिच्याबरोबर वर चढून पाहिलं. खडकावरून उघड्याच टाकलेल्या पाईपच्या तीन सांध्यांतून पाणी वाहत होतं. पाईप गॅसने तोडलेला, तोंड वाकडं, कडेचं जस्त जळून तिथे गंज चढलेला. चुकी हातभर लांबीच्या कामात, पण कोरडी राहिली अख्खी वाडी.

आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर लागतो. आभाळ हात आखडत नाही, आपणच पाणी धरून ठेवण्यात आणि वाहून नेण्यात कमी पडतो.

पाईपचं काम आपल्या मुलखाला नवीन नाही. लोणावळ्याच्या बाजूचं पाणी सुमारे 500 मीटर खाली आणून टाटांचं खोपोलीचं वीजघर 1915 साली सुरू झालं, पुढे 1922 साली भिवपुरीचं. भिवपुरीहून सुटलेल्या पाण्यावर राजनाला आणि त्यावर आपलं उन्हाळी भात. नेरळ-माथेरान गाडीच्या मार्गावर तर एका स्टेशनचं नावच 'वॉटर पाईप' आहे. खोपोलीच्या झेनिथ कारखान्याने पाईपच्या धंद्यात या गावाचं नाव दूरवर नेलं. अशा तालुक्यांत सांधा गळावा, ही लाजेची गोष्ट आहे.

दाबाचा हिशेब

हिशेब सोपा आहे. पाण्याची उंची 10 मीटर वाढली की दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो दाब वाढतो. टाकी वाडीच्या 40 मीटर वर असेल तर खालच्या सांध्यावर 4 किलो दाब. म्हणून डोंगरउतारावर सगळ्यात मजबूत पाईप खालच्या टप्प्यात हवा. वीजघराच्या उतरत्या नळाचा पत्राही खाली जाड लागतो, तो याच कारणाने.

पट्ट्याचा रंग बघा, वजन करा

जीआय पाईपवर रंगाचा पट्टा असतो. पिवळा म्हणजे हलका, निळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जड. पट्टा रंगवायला वेळ लागत नाही, म्हणून वजन करा. दोन इंची, 6 मीटरचा पाईप हलका असेल तर साधारण साडेचोवीस किलो, मध्यम असेल तर 30 किलो, जड असेल तर 37 किलो भरतो. किलो-अर्धा किलो इकडेतिकडे चालेल. अंदाजपत्रकात मध्यम लिहिलाय आणि काटा 25 वर थांबला, तर गाडी उतरवून घेऊ नका.

हा फरक का महत्त्वाचा? दोन इंची पाईपला आटे पाडताना जवळपास दीड मिलिमीटर धातू निघून जातो. हलक्या पाईपची भिंतच 2.9 मिलिमीटर, म्हणजे आट्याखाली अर्धीच उरते. मध्यम पाईपची भिंत 3.6 मिलिमीटर, तिथे दोनच्या वर उरते. पाईप पहिल्यांदा आट्यापाशीच फुटतो, तो यामुळे.

कापणी सरळ हवी

जीआय पाईप हॅकसॉने किंवा पाईप कटरने कापावा. गॅसने कापला की जस्त जळतं आणि गंजाला दार उघडतं. शिवाय जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला तर रात्री कापरं भरून ताप येतो. तेव्हा वेल्डिंग करणाऱ्या पोरांनी वारा पाठीशी किंवा बाजूला घेऊन मोकळ्यावर काम करावं. ग्राइंडर चालवताना डोळ्यांवर चष्मा हवाच. एका ठिणगीने डोळा गेला तर योजनेच्या पैशात तो परत येत नाही.

कापल्यावर आतली खरबरीत कड कानस मारून काढा, नाहीतर तिथेच गाळ अडकतो. आट्यांना ताग आणि सफेदा किंवा टेफ्लॉन टेप लावा. फ्लँजचे बोल्ट एका बाजूने आवळत जाऊ नका, समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. वेल्डिंगची जागा घासून जस्ताचा रंग द्या. पाईप शक्यतो मीटरभर खोल, खाली मऊ मुरूम टाकून पुरा. खडकामुळे उघडा ठेवावाच लागला तर आधाराचे खांब द्या. उंचवट्यावर हवेचा व्हॉल्व्ह आणि खोलगट जागी गाळ सोडायचा व्हॉल्व्ह असलाच पाहिजे.

सही करण्याआधी

जलजीवन मिशन 2019 साली सुरू झालं. माणशी रोज 55 लिटर पाणी हे त्याचं माप. आता हिशेब करा. एक सांधा मिनिटाला फक्त 1 लिटर गळला तर दिवसाला 1440 लिटर जातात. म्हणजे 26 माणसांचं पाणी.

योजना ताब्यात घेतली की पुढची देखभाल ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडते. म्हणून सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि पाणीपुरवठा समितीच्या सदस्यांना हात जोडून सांगणं आहे. चर बुजवण्याआधी लाईन पाण्याने भरा, हवा काढा आणि नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन तपासा. 4 किलोच्या लाईनला 6 किलो. काटा खाली उतरू लागला तर सांधा शोधा. त्या वेळी समितीतल्या बायकांना तिथे उभं करा. हंडा त्यांच्या डोक्यावर असतो, त्यांची नजर चुकत नाही.

पेज, उल्हास किंवा राजनाल्यावर पंप बसवणाऱ्या शेतकऱ्यांनाही हेच नियम लागू आहेत. विजेचं बिल तुम्ही भरता, मग पाणी शेजारच्या बांधावर का जाऊ द्यायचं?

गावात आयटीआयमधून फिटर किंवा वेल्डर होऊन आलेला एखादा मुलगा असतोच. त्याला कामावर देखरेखीला घ्या. ठेकेदार काम संपवून जाईल, मुलगा गावातच राहील आणि सांधा कुठे आहे हे त्याला ठाऊक असेल.

त्या वाडीतले तीनही सांधे पुढे दोन दिवसांत दुरुस्त झाले. सामान थोडंच लागलं. पण तोवर त्या बायकांचा अख्खा उन्हाळा ओढ्यावर गेला होता. तुमच्या गावात असं होऊ देऊ नका. पाईपची गाडी आली की आधी काटा मांडा, चहा नंतर पाजा.