परिचालन प्रणालीची निवड व विषाणुसुरक्षा

संगणकाची स्मृती, फायली व जोडलेली उपकरणे यांचे नियंत्रण करणारी कार्यक्रमसंहती म्हणजे परिचालन प्रणाली अथवा ऑपरेटिंग सिस्टिम होय. स्वतःच्या प्रती काढीत पसरणारा संगणकीय विषाणू हाही एक कार्यक्रमच असल्याने, त्याला कशाकशाला हात लावता येईल हे बव्हंशी ही प्रणालीच ठरविते.

१९८१ मध्ये आलेल्या एमएस-डॉसमध्ये कोणत्याही कार्यक्रमास सर्व स्मृती व तबकडी खुली असे. लाहोर येथे तयार झालेला ‘ब्रेन’ (१९८६) हा विषाणू फ्लॉपीच्या आरंभखंडात राहून अशाच संगणकांतून पसरला. याउलट युनिक्समध्ये प्रत्येक फायलीस मालक असतो आणि वाचन, लेखन व निष्पादन यांचे अधिकार वेगळे असतात. त्यामुळे सामान्य खात्यातून सुरू झालेला विषाणू मूळ प्रणाली सहसा बदलू शकत नाही. लिनक्स व मॅकओएस याच परंपरेतील होत. मात्र उपयोजकाची पत्रे, हिशेब व छायाचित्रे त्याच्याच अधिकारात असतात आणि खंडणी मागणाऱ्या विषाणूस तेवढे पुरते.

या प्रणाली अभेद्य आहेत हा समजही खरा नाही. नोव्हेंबर १९८८ मधील मॉरिस कृमी युनिक्स यंत्रांतच पसरला. २०१२ मध्ये ‘फ्लॅशबॅक’ने सुमारे सहा लाख मॅक संगणक बाधित केल्याचे आढळले. विंडोज एक्सपीत (२००१) अधिकारव्यवस्था होती, पण घरगुती संगणकावर बहुधा प्रशासकाच्याच खात्यातून काम चाले व ती निरुपयोगी ठरे. पुढे व्हिस्टापासून (२००७) प्रशासकी कृतीपूर्वी संमती विचारली जाऊ लागली.

दुरुस्त्या वेळेवर मिळणे व बसविणे यास प्रणालीच्या नावाहून अधिक महत्त्व आहे. ‘वॉनाक्राय’ने मे २०१७ मध्ये ज्या दोषाचा उपयोग केला, त्याची दुरुस्ती विंडोजसाठी मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. जूनमधील ‘नॉटपेट्या’ तर परवलीचे तपशील चोरून दुरुस्त केलेल्या यंत्रांतही शिरला. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम त्यामुळे विस्कळीत झाले.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न पेलणाऱ्या जुन्या यंत्रावर केवळ लेखन व महाजाल-वापर होत असल्यास लिनक्स सोयीचे ठरते. हिशेबाचे कार्यक्रम विंडोजवरच चालत असतील, तर आधार चालू असलेली आवृत्ती घ्यावी, नित्यकामासाठी प्रशासकेतर खाते वापरावे आणि फायलींची एक प्रत संगणकापासून अलग केलेल्या तबकडीवर ठेवावी.