रुळांकाठचे हौशी दप्तरदार

भोर घाटातून रेल्वे नेण्याचं काम चालू असतानाच्या फोटोंचा एक संच अ‍ॅलिस ट्रेडवेल या बाईंच्या नावावर आहे. नवरा सॉलोमन ट्रेडवेल घाटाचं कंत्राट घेऊन १८५९ मध्ये मुंबईला उतरला आणि काही आठवड्यांतच वारला. बाईंनी कंत्राट सोडलं नाही. जाणकार माणसं हाताशी धरून काम तडीस नेलं आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली. आज खंडाळ्याच्या वळणावर पावसात छत्री धरून उभी असलेली पोरं कॅमेरा सरसावतात, त्यांना या बाईंचं नाव क्वचितच ठाऊक असतं. घराणं मात्र तेच.

ही पोरं कशाची वाट पाहतात हे बाहेरच्याला कळत नाही. त्याच्या लेखी गाडी म्हणजे गाडी. यांना मात्र आज इंजिन कुठल्या शेडचं आहे, रेक जुन्या डब्यांचा की नव्या एलएचबी डब्यांचा, मागून ढकलणारी इंजिनं म्हणजे बँकर किती, हे सगळं हवं असतं. भोर घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट. म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटाला बँकर जोडतात आणि ते लोणावळ्याच्या बाजूला चढ संपेपर्यंत ढकलत नेतात. गाडीचं तोंड बोगद्यात शिरलेलं आणि शेपूट अजून दरीकाठी, अशी फ्रेम साधली की दिवस सार्थकी लागतो.

त्यात कसबही आहे. मुंबईच्या लोकलच्या कपाळावरची दिव्यांची पाटी साध्या डोळ्यांना लख्ख दिसते, पण शटर १/१००० ठेवून फोटो काढला की ती अर्धी कोरी येते. कारण पाटीवरचे सगळे दिवे एकाच वेळी पेटत नाहीत. ओळीओळीने, डोळ्याला कळणार नाही इतक्या झपाट्याने लुकलुकतात. म्हणून गाडी फलाटात शिरून मंदावेपर्यंत थांबायचं आणि शटर १/१०० च्या आसपास आणायचं. मग ‘कर्जत फास्ट’ पूर्ण वाचता येतं. मावळतीच्या केशरी आभाळापुढे काळी सावली झालेल्या इंजिनापेक्षा मला असा नीट वाचता येणारा फोटो केव्हाही जास्त मोलाचा वाटतो. सूर्यास्त रोजच होतो.

मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्टच्या डीसी प्रवाहावर. पुढे घाटात मालगाड्या ओढायला लांब नाकाडांची ‘क्रोकोडाइल’ इंजिनं आली. आपल्या कामगारांनी त्यांचं बारसं ‘खेकडा’ असं केलं. एक खेकडा दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभा आहे. पश्चिम रेल्वेवरून डीसी २०१२ मध्ये गेला, मध्य रेल्वेवरून २०१६ पर्यंत, आणि निव्वळ डीसीवर चालणाऱ्या इंजिनांची सद्दी संपली. त्यांचे शेवटच्या काळातले रोजचे फोटो कोणी काढले? पगारी माणसांनी फारसे नाहीत. कॉलेज बुडवून कल्याणच्या पुलावर उभ्या राहिलेल्या हौशी मुलांनी काढले.

छोट्या मार्गांचंही याहून वेगळं नाही. अकोल्याहून खांडव्याला जाणारी मीटरगेज मेळघाटातून जायची. धूळघाटापाशी चढ जमवायला रूळ स्वतःवरूनच गिरकी घेऊन पुढे जात; लोक त्या गिरकीला ‘चार का आंकडा’ म्हणत. २०१७ पासून तिथे गाडी नाही, आणि रुंद रूळ व्याघ्र प्रकल्पाला वळसा घालून न्यायचे ठरले. तो फोटो आता कोणालाच काढता येणार नाही. विदर्भातली शकुंतला, यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर, हिचं १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत राबलं. तिच्या इंजिनाचे फोटो पुष्कळ आहेत. डब्याच्या आतले, तिकीट खिडकीचे, फलाटावर पाट्या घेऊन बसलेल्या बायकांचे मात्र शोधावे लागतात. हौशी मंडळींचा हा जुना दोष: सगळा रोल इंजिनावरच संपवायचा.

फोटो दुसऱ्याला दाखवला की मात्र गंमत सुरू होते. पुण्याच्या जुन्या बाजारात मला कुर्डुवाडीचा एक कृष्णधवल फोटो मिळाला. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी, एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने १८९७ मध्ये सुरू केलेली, पुढे पंढरपूरच्या वारकऱ्यांची हक्काची. मागे ना तारीख ना नाव. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या काकांना दाखवला. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. भिंतीवर रंगवलेल्या कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हा साठच्या दशकाच्या शेवटानंतरचा. आणि तो पोऱ्या बघ, टोकनचं कडं घेऊन पळतोय. गाडी सुटायच्या बेतात आहे.” एकेरी मार्गावर हे टोकन हाती असल्याशिवाय ड्रायव्हरला गाडी पुढे नेता येत नसे. मी इतके दिवस त्या मुलाला उगाच मध्ये आलेला समजत होतो.

रुळांत उतरून फोटो काढणाऱ्यांबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड आहे, शिवाय विजेच्या गाडीचा आवाज जवळ येईपर्यंत कळत नाही. फलाटाचं टोक, पादचारी पूल, फाटकाबाहेरचा रस्ता, एवढ्यात भागतं.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचे अल्बम खाली आलेच असतील, तर मामाच्या लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाच्या फोटोत मागे कुठली गाडी उभी आहे ते बघा. इंजिनाचा आकडा दिसत असेल तर भिंगाने वाचा, स्टेशनचं नाव आईला विचारा, आणि फोटो स्कॅन करताना त्याची मागची बाजूही करा. आजोबांनी पेन्सिलीने काही लिहिलेलं असलं तर ते तिथेच असतं.